घोडामैदान लांब असू दे!

"मग, कधी उतरवतेस त्याला?"

गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला साताऱ्याच्या मावशीने विचारला, पुण्याच्या भावाने विचारला, आणि इथे कॅलिफोर्नियात ज्या तबेल्यात गोट्या राहतो तिथल्या निम्म्या बायकांनी विचारला. प्रत्येकीला फोनवर वेगळं समजावत बसण्यापेक्षा म्हटलं इथेच एकदा लिहून टाकावं. ज्यांना घोड्यांचा कंटाळा आहे त्यांनी हा लेख सोडून दिला तरी चालेल, पुढच्या वेळी मी पुन्हा पुस्तकांवर येईन. :)

नव्या मंडळींसाठी थोडी ओळख. गोट्या म्हणजे माझा अरबी घोडा, वय चार वर्षं तीन महिने. त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक आणि भारदस्त आहे, ते एकदाच उच्चारून आम्ही सोडून दिलं. तांबूस रंग, चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा. मावशीने फोटो पाहिला आणि म्हणाली, "अगं, हा तर पंचकल्याणी!" आणि लगेच पुढचा प्रश्न, तो वरचाच.

उतरवायचं ते कशात, तर एन्ड्युरन्स रायडिंगमध्ये. म्हणजे लांब पल्ल्याची रपेट: एक घोडा, एक स्वार, डोंगरातली ठरलेली वाट, २५ मैल, ५० मैल, किंवा एका दिवसात १०० मैल. ठरावीक अंतरावर पशुवैद्य घोडा तपासतात. नाडी मोजतात, पोटाला कान लावून आतडी चालू आहेत का ऐकतात, कातडी चिमटीत धरून पाणी कमी पडलंय का बघतात, दुडक्या चालीने पळवून लंगडतोय का ते पाहतात. घोडा नापास झाला की तुमची रपेट तिथेच संपली, मग तुम्ही स्वतः कितीही ताजेतवाने असा. आमच्या घरापासून तासाभरावर ऑबर्न नावाचं गाव आहे. सिएरा नेवाडा ओलांडून तिथे संपणारी १०० मैलांची टेव्हिस कप १९५५ सालापासून चालू आहे. वेळ २४ तास. निघालेल्या घोड्यांपैकी साधारण निम्मेच शेवटपर्यंत पोचतात. ही माझी काशी आहे म्हणा ना.

आता मुद्दा. इथल्या राष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे एईआरसीच्या नियमाप्रमाणे २५ ते ३५ मैलांच्या छोट्या रपेटीसाठी घोडा किमान ४८ महिन्यांचा लागतो, ५० मैल आणि पुढच्यासाठी ६० महिन्यांचा. टेव्हिसला सहा वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे गोट्याला २५ मैलांची परवानगी तीन महिन्यांपूर्वीच मिळाली. लोकांचं म्हणणं, परवानगी आहे ना, मग घोडं पेंड कुठे खातंय?

माझं म्हणणं असं, की ती परवानगी आहे, आमंत्रण नाही. अठराव्या वर्षी लग्न करायला कायदा आडवा येत नाही म्हणून कोणी मुलीच्या अठराव्या वाढदिवसाला हॉल बुक करत नाही (करायचे, पण तो वेगळा विषय). गोट्याला मी यंदा उतरवणार नाही, पुढच्या वर्षीही नाही. सहा वर्षांचा झाला की पहिले २५ मैल, तेही चालत-दुडकत, शेवटचा नंबर आला तरी आनंदच.

कारण घोड्याच्या शरीराची एक गंमत आहे. गंमत म्हणते, पण तीच सगळ्यात धोकादायक गोष्ट आहे. त्याचं हृदय आणि फुप्फुसं फार लवकर तयार होतात. दोन-तीन महिने नियमित काम दिलं की फरक दिसायला लागतो. गोट्याची नाडी तबेल्यात उभा असताना मिनिटाला ३६ असते. मार्चमध्ये आमच्या मागच्या टेकडीवर दुडकत चढलं की खाली उतरून दहा मिनिटं झाली तरी ७० च्या आसपास रेंगाळायची. आता त्याच टेकडीनंतर मी खोगिराचा पट्टा सैल करेपर्यंत ५६ वर आलेली असते. रपेटीतली अट साधारण ६० किंवा ६४ ची. म्हणजे नाडीच्या परीक्षेत पोरगं आत्ताच पास! आणि त्याला स्वतःलाही तसंच वाटतं. टेकडी संपली की कान पुढे करून विचारतो, आता कुठली?

पण स्नायूंच्या मागे स्नायुबंध असतात, त्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून ते सावकाश बळकट होतात. आणि सगळ्यांच्या मागे हाडं. आधी पायाची खालची हाडं भरतात, मग गुडघ्याच्या वरची, आणि पाठीचा कणा सगळ्यात शेवटी, साधारण साडेपाच-सहा वर्षांच्या आसपास. म्हणजे ज्या जागेवर मी खोगीर ठेवते आणि वर माझे ६३ किलो ठेवते (वजनाचा आकडा खरा आहे, नातेवाइकांनी शंका घेऊ नये), नेमकी तीच जागा सगळ्यात उशिरा पक्की होते. वाढ थांबल्यावरही कामाच्या ताणाप्रमाणे हाड स्वतःला नव्याने बांधत राहतं, त्याला आणखी वर्षं जातात. थोडक्यात, चार वर्षांच्या घोड्याचं इंजिन सात वर्षांच्या घोड्याचं असू शकतं, चासी मात्र चारच वर्षांची असते. आणि नाडी फक्त इंजिनाची खबर देते. हाडाला स्टेथोस्कोप लागत नाही.

घाई केलेला तरुण घोडा त्या वर्षी काही पडत नाही, तिथेच तर सगळी फसगत आहे. चौथ्या-पाचव्या वर्षी तो छान पळतो, फोटो येतात, सगळे म्हणतात काय जनावर आहे! पायाच्या तक्रारी बऱ्याचदा पुढे आठव्या-नवव्या वर्षी येतात, जेव्हा खरं तर त्याची उमेद सुरू व्हायची. तोवर चौथ्या वर्षीच्या त्या शनिवारशी कोणी त्याचा संबंधही लावत नाही.

माझी तबेल्यातली एक मैत्रीण हुशार आहे, ती माझ्याशी शास्त्रानेच भांडते. म्हणते, तरुण घोड्याला नुसतं उभं ठेवणं वाईट, कोवळ्या हाडाला काम मिळालं तर ते जास्त मजबूत होतं, हे संशोधनच सांगतं. अगदी मान्य! कोंडून वाढवलेल्या शिंगरापेक्षा डोंगराळ कुरणात कळपाबरोबर हुंदडलेलं शिंगरू केव्हाही चांगलं. पण काम वेगळं आणि रपेट वेगळी. काम मी थांबवू शकते. रपेटीच्या सकाळी साठ-सत्तर घोडे एकदम निघतात, धूळ उडते, कळपाचं रक्त जागं होतं, आणि चार वर्षांचं पोर त्या सगळ्यांना गाठायला निघतं. मग पहिले पाच मैल मी लगाम ओढत बसणार आणि तो मान ताठ करून, पाठ पोकळ करून, तिरका तिरका उड्या मारत जाणार. त्या २५ मैलांत त्याच्या पाठीला जे होईल ते होईलच, शिवाय डोक्यात कायमचं बसेल की माणसं-घोडे जमले म्हणजे वेड्यासारखं पळायचं असतं. पाठ एक वेळ बरी होईल. डोक्यातलं काढायला फार वर्षं लागतात, असं इथले जुने लोक सांगतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

पुण्याच्या भावाचा मुद्दा अर्थातच ऐतिहासिक. "बाजीराव घोड्यावर बसूनच कणसं चोळून खायचा, आणि तुम्ही दर बारा-पंधरा मैलांवर डॉक्टर बोलावता?" अरे बाबा, हातातली कणसं सगळ्यांच्या लक्षात राहिली, खालचा घोडा कोणाच्याच नाही. त्या दौडीत किती जनावरं निकामी झाली हे आपल्याला कोणी शाळेत शिकवलं नाही. आणि त्याच्यासमोर निजाम होता, दिल्ली होती. माझ्यासमोर शनिवार-रविवार आहे. मला कुठलंही राज्य वाचवायचं नाही.

घाई अंगात शिरली की काय होतं ते आखाती देशांतल्या सपाट वाळवंटी शर्यतींनी दाखवून दिलंच आहे. वेग वाढत गेला, घोड्यांचे पाय मोडायला लागले, आणि २०१५ साली आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाला संयुक्त अरब अमिरातीची संघटना काही महिने निलंबित करावी लागली. आमचं इथलं ब्रीदवाक्य आहे, 'पूर्ण करणं हेच जिंकणं'. ते टी-शर्टवर छान दिसतं, पण चार वर्षांच्या घोड्याच्या बाबतीत मला त्यातलं 'पूर्ण' एका दिवसापुरतं वाटत नाही.

याच संघटनेचा एक सन्मान आहे, 'डिकेड टीम' म्हणतात. तोच घोडा आणि तोच स्वार यांनी दहा वेगवेगळ्या हंगामांत, दर हंगामात किमान एक ५० मैलांची रपेट पूर्ण करायची. पहिला नंबर वगैरे काही लागत नाही. मला टेव्हिसच्या बक्कलापेक्षा हे जास्त हवंय. एल्मर बँडिट नावाचा एक अर्धअरबी घोडा होता, लांब पल्ल्याच्या ट्रेल स्पर्धांत आयुष्यभरात २० हजार मैलांच्या वर चालला आणि २०१० साली, वयाच्या ३८व्या वर्षी गेला. अशा घोड्याचं नाव वाचलं की चार वर्षं तीन महिने हा आकडा अगदी बालवाडीतला वाटतो.

आता खरी अडचण सांगते, जी कोणी विचारली नाही. घाई गोट्याला नाही, मला आहे. मी ५१ वर्षांची आहे. गोट्या सहाचा होईल तेव्हा मी ५३, आणि १०० मैलांसाठी आठ वर्षांचा धरला तर मी ५५. उजवा गुडघा आत्ताच उतारावर कुरकुरतो, आणि टेव्हिसमध्ये चढापेक्षा उतार जास्त आहेत. आईला संधिवात होता, आजीलाही. हिशेब करत रात्री जागी राहते, खोटं कशाला बोलू. पण माझ्या गुडघ्याची मुदत संपत आली म्हणून त्याच्या गुडघ्यांवर कर्ज काढायचं, हा व्यवहार मला जमत नाही. ५५व्या वर्षी नाहीच जमलं, तर त्याच्यावर दुसरं कोणीतरी बसेल. माझी भाची आहेच, घोड्याला चंदी घालताना तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

तोवर काय? तोवर पुष्कळ काम आहे. आठवड्यात तीन दिवस रपेट, त्यातली बरीचशी चालत, उतारावर मी खाली उतरून त्याच्याबरोबर पायी (गुडघ्याला तेही बरं). दर दोन-तीन महिन्यांनी खोगीर तपासून घ्यायचं, कारण पाठ भरतेय तशी आकार बदलतेय. ओढ्याचं पाणी प्यायला शिकवायचं, हे त्याला अजून पटत नाही, त्याला बादलीच लागते. परक्या माणसाला नाडी मोजू द्यायची, तोंड उघडू द्यायचं, शेपटीखाली थर्मामीटर लावू द्यायचा.

पुढच्या शनिवारी इथून जवळच एक ५० मैलांची रपेट आहे, तिथे मी स्वयंसेवक म्हणून नाडी मोजायला चालले आहे. आयोजकांना विचारून गोट्यालाही नेतेय. सगळ्या घोड्यांच्या पुठ्ठ्यावर मोठे नंबर लिहिलेले असतील, याच्या पुठ्ठ्यावर काही नसेल. ट्रेलरला बांधलेला, समोर गवताची जाळी, आणि दिवसभर येणारे-जाणारे घोडे बघायचे. मावशीला सांगा, फोटो पाठवते.