मण्यातले बी मातीत उतरावे

बी म्हटले की फूल, परागण, फलन हा क्रम आपण गृहीत धरतो. कृत्रिम बी हा क्रम वगळते. वनस्पतीचा छोटा तुकडा संप्रेरके आणि अन्नद्रव्ये असलेल्या माध्यमात वाढवला, की योग्य परिस्थितीत त्यातील पेशींपासून थेट भ्रूण तयार होऊ शकतात. गाजराच्या पेशींपासून असे भ्रूण १९५८ मध्ये मिळाले. प्रयोगशाळेतल्या भ्रूणांना आवरण घालून ते बियांसारखे वापरावेत, ही कल्पना तोशियो मुराशिगे यांनी १९७७ मध्ये मांडली.

कृती तशी सोपी आहे. सागरी शेवाळापासून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात भ्रूण मिसळून ते थेंबाथेंबाने कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडतात. सोडियमची जागा कॅल्शियम घेते आणि भिजलेल्या साबुदाण्यासारखा मणी तयार होतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८० च्या दशकापासून तुती, चंदन आणि केळीचे असे मणी तयार झाले. तुती व केळीत भ्रूणाऐवजी कळ्या आणि कोंबांचे शेंडे वापरले गेले.

केळीसाठी याचे मोल मोठे आहे. खाण्याच्या केळ्यात बी नसते, मुनव्यांबरोबर सूत्रकृमी आणि विषाणू नव्या शेतात जातात. ऊतिसंवर्धित रोपे निरोगी असतात, पण ती नाजूक असतात आणि वाहतुकीला जागा लागते. मणी मात्र छोट्या डब्यात हजारो मावतात.

मग ते बाजारात सर्रास का दिसत नाहीत? खरे बी वाळते, सुप्त राहते, शिदोरी सोबत बाळगते. मणी ओला असतो. तो वाळला तर भ्रूणही दगावतो. निर्जंतुक काचपात्रात रुजणारा मणी शेतातल्या बुरशीपुढे टिकेलच असे नाही. म्हणूनच उगवणीचे आकडे काचपात्रातले नकोत, मातीतले हवेत.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. मातृवृक्ष विषाणूग्रस्त असेल, तर प्रत्येक मण्यातून रोग पोहोचू शकतो; दीर्घकाळच्या संवर्धनात जनुकीय बदलही होतात. केळीचा घड हाती यायला साधारण वर्ष लागते, तोवर शेतकऱ्याचा हंगाम गेलेला असतो. ऊतिसंवर्धित रोपांसाठी देशात २००६ पासून प्रमाणीकरण व्यवस्था आहे. विषाणू चाचणी आणि वाणाची खातरजमा या अटी मण्यांनाही विक्रीपूर्वीच लागू व्हाव्यात. संशोधनाचा निधीही मण्यांच्या साठवणुकीकडे आणि शेतातल्या चाचण्यांकडे वळायला हवा. प्रयोग फसला तर त्याची किंमत शेतकऱ्याने मोजू नये.