किल्ली कुणाच्या हाती?

माणूस निवृत्त झाला तरी त्याचे हात निवृत्त होत नाहीत, असे आमची सौ. नेहमी म्हणते. वीज मंडळात पस्तीस वर्षे काढून २०१९ साली आम्ही उभयता लेकीकडे टांझानियात, दार-एस-सलामला गेलो, तेव्हा तिचे म्हणणे खरे ठरले.

आदल्याच वर्षी घानातल्या एका शिक्षकाचे छायाचित्र जगभर गाजले होते. त्यांच्या शाळेत २०११ पासून संगणक नव्हता. परीक्षेत मात्र तो विषय होता. तेव्हा या गृहस्थांनी रंगीत खडूंनी संगणकाचा अख्खा पडदा फळ्यावर काढून मुलांना शिकवले! ते पाहून मी बराच हळहळलो होतो. त्यामुळे लेकीच्या ओळखीतली चार स्वयंसेवक मंडळी डोडोमाकडच्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेला दहा जुने लॅपटॉप द्यायला निघाली, तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, हळहळ पुष्कळ झाली. आता जा की!"

साडेचारशे किलोमीटरचा प्रवास, शेवटी लाल धुळीचा रस्ता आणि दोन्ही अंगांना पोट सुटलेल्या गोरखचिंचा. शाळेत पोहोचताच पोरांनी गलका केला, "शिकामो, बाबू!" पस्तीस वर्षे सुपरवायझर म्हणवून घेतलेला मी मनातून खट्टू झालो. मग कळले, स्वाहिलीत बाबू म्हणजे आजोबा! कलम तिथे 'कलामू', किताब 'किताबू' आणि गाडी ती 'गारी'. पोरे स्वाहिलीत शिकणारी, लॅपटॉप मात्र इंग्रजी बोलणारे. म्हणून इंटरनेटशिवाय चालणाऱ्या एका छोट्या डबीत स्वाहिली विश्वकोश आणि धडे भरून नेले होते.

चार दिवसांत पत्र्यावर सौर तक्ते चढवले, खाली शंभर अँपियर-तासांच्या दोन बॅटऱ्या बसवल्या. हिशेब सोपा होता. एका बॅटरीत बाराशे वॅट-तास. पण निम्म्याहून अधिक उपसली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे दोन्ही मिळून वापरायचे बाराशेच. दहा लॅपटॉप त्यावर जेमतेम तीन तास चालणार. म्हणून मी भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी लावून घेतली : 'येथे मोबाइल चार्ज करू नये.' छायाचित्रे निघाली, टाळ्या झाल्या, आम्ही परतलो.

दोन महिन्यांनी पुन्हा गेलो, तो खोलीला हे भले मोठे कुलूप! आत दहाही लॅपटॉप कापडात गुंडाळून ठेवलेले. माझा पारा चढला. मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, "बाबू, सामानाच्या यादीवर सही माझी आहे. एखादा मोडला तर भरून कोण देणार? आणि तुमच्या बॅटऱ्या किती वर्षे टिकतील?"

"तीन-चार."

"आणि पुढे?"

मला उत्तर सुचेना. आठवली ती माझीच शाळा. तिथला पृथ्वीचा गोल आम्ही सात वर्षे काचेच्या कपाटातच पाहिला होता. कारण हेच, फुटला तर गुरुजींच्या पगारातून कापणार!

संध्याकाळी गोरखचिंचेखाली शाळा समिती बसली. एक आजीबाई उठल्या. फोन चार्ज करायला गावकरी पैसे मोजून बाजारगावी जात. आजींनी विचारले, "शाळेत वीज असताना आम्ही तिकडे का जायचे?" मी बॅटरीचे शास्त्र सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "शनिवारी-रविवारी शाळा बंद. त्या दिवशीच्या उन्हाचे तुम्ही काय करता?"

वाचकहो, पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. बॅटऱ्या भरल्या की सुटीचे ऊन फुकटच जात होते. मोबाइलला लागून लागून लागते किती? पाच-दहा वॅट-तास! पाटी मी माझ्याच हाताने उतरवली.

ठरले असे. सुटीच्या दिवशी, ऊन असेतोवर, अल्प पैसे घेऊन फोन चार्ज करायचे. पैसे डब्यात, तो केवळ बॅटरीसाठी. खोलीच्या किल्ल्या दोन : एक मुख्याध्यापकांकडे, दुसरी समितीकडे. मोडतोड झाल्यास सहीवाल्यावर भार नाही, असे समितीने लिहून दिले. पुढचे आठ दिवस मी दोन शिक्षकांना आणि रखवालदाराला मीटर लावून बॅटरी तपासायला शिकवले. तीन लॅपटॉप दगावले होते. ते सुट्या भागांसाठी ठेवले. आमच्या मंडळींनी पहिल्या खेपेला यंत्रे नेली होती. ती सांभाळणारी माणसे तयार करायला दुसरी खेप घडावी लागली.

आम्ही पुण्याला परतलो. २०२३ साली लेकीचा फोन आला : शाळेने नव्या बॅटऱ्या बसवल्या, डब्यातल्या पैशांतून. सात लॅपटॉपांपैकी पाच चालू आहेत.

खरे सांगतो, आनंदाबरोबर मनाला थोडे लागलेही. "अगं, मला एका शब्दाने विचारले नाही त्यांनी! कोणती बॅटरी, किती अँपियरची..."

सौ. चकलीचा सोऱ्या दाबत हसली. "पोर सासरी रमली की माहेरी पत्रे कमीच येतात. त्यात वाईट काय वाटायचे?"

मी गप्प बसलो आणि पहिली चकली तोंडात टाकली.