आजा गेला, रीळ कोरंच



आमचा आजा २०१९ साली गेला. १९५६ च्या ऑक्टोबरात तो जळगाव जामोदहून नागपूरला दीक्षेला गेला होता. सोबत कोण होतं, वाटेत पाणी कुणी नाकारलं, परतल्यावर गावानं काय केलं, सगळं त्याच्या तोंडी होतं. मी म्हणायचो, लिहून ठेवू. तो म्हणायचा, 'मी आहो ना आजून, कायले घाई करतं?' माझ्या खिशात फोन होता. त्यावर मी वराती टिपल्या, डीजेपुढचा नाच टिपला. आजासमोर तो एकदाही धरला नाही. हा गुन्हा कुणा सवर्णाचा नाही. माझा आहे.

पूर्वी टॉकीजमध्ये सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचं सरकारी रीळ लागायचं. धरणं, खतं, कुटुंबनियोजन. लोक बाहेर बिडी ओढायला जायचे. धरणावर दगड फोडणाऱ्या मायला त्या रिळात नाव नव्हतं.

आपण टिपलं नाही की पोलीस टिपतात. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले होते. १० माणसं मेली. सरकारनं कारण सांगितलं, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. टँकरची टेपही पुढे केली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. आनंद पटवर्धनांनी त्या टेपची चिरफाड केली आणि १४ वर्षं वस्त्यांतून, शाहिरांच्या मागे फिरून २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पुरा केला. न स्टुडिओ, न शेठ. हे ऋण मानलंच पाहिजे.

पण आपली गोष्ट कायम दुसऱ्यानंच सांगायची काय? सांगली जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या सोमनाथ वाघमारेनं हा सवाल कॅमेरा उचलून सोडवला. २०१७ साली त्यानं भीमा कोरेगावच्या विजयस्तंभावर फिल्म केली. पुढच्याच १ जानेवारीला, २०१८ ला, तिथं अभिवादनाला आलेल्यांवर हल्ले झाले. 'तिथं काय असतं?' असं देश तेव्हा विचारू लागला. सोमनाथनं ते आधीच दाखवलं होतं. २०२३ साली 'चैत्यभूमी' आली. ६ डिसेंबर आला की काही पेपरांना दादरची गर्दी अन् कचरा दिसतो. त्याला तिथली गाणी, पुस्तकांचे स्टॉल, माणसं दिसली. गेल ऑम्वेट अन् भारत पाटणकर यांनाही त्यानं वेळेवर कॅमेऱ्यापुढे बसवलं. गेलबाई ऑगस्ट २०२१ मध्ये गेल्या. त्यांचा आवाज राहिला.

माझ्या आजाचा राहिला नाही.

म्हणून भाषण नको, काम सांगतो. यंदा ६ डिसेंबरला नांदुऱ्याहून दादरची गाडी धरण्याआधी प्रत्येकानं आपल्या मोहल्ल्यातला एक म्हातारा, एक म्हातारी गाठायची. नाव, गाव, काम, मजुरी किती मिळायची, पाणवठा कुठला, नागपूरला कोण गेलं, सगळं विचारायचं. मध्ये बोलायचं नाही. रडले तर फोन बाजूला ठेवून हात धरायचा. तारीख टाकायची, तीन ठिकाणी प्रती ठेवायच्या. त्यांनी नको म्हटलं तर कुणाला दाखवायचं नाही.

आजाची पिढी नव्वदीला टेकली. ते म्हणतील, कायले घाई करता बे? त्यांचं ऐकू नका.