ठिणगी आणि तिचें घर

ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां आम्ही श्रीवर्धन तालुक्यांतील आमच्या मूळ घरीं होतों. दुपारपर्यंत माजघरावरचीं कौलें उडालीं, स्वयंपाकघराची भिंत शेगडीवर कोसळली आणि फडताळांतील आगपेट्यांचा लगदा झाला. संध्याकाळीं पाऊस ओसरल्यावर पडवींत तीन दगड मांडून चूल केली. तांदूळ होते, पाणी होतें, कोरडीं सोडणेंहि चार सांपडलीं. परंतु घरांत विस्तव नव्हता!

तेव्हां आमच्या आत्याबाई म्हणाल्या, “अरे, माळ्यावरच्या पेटींत आप्पांची चकमक असेल बघ.” आप्पा म्हणजे आमचे आजोबा. त्यांना शेतराखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. त्यांच्या पश्चात् बंदूक सरकारजमा झाली, पण तिच्याबरोबरचा कातडी बटवा मागें राहिला होता. त्यांत चकमकीचें पोलाद व दोन गारगोट्या मिळाल्या. मी मोठ्या ऐटीनें कापसाचा बोळा पुढें घेऊन बसलों. अर्धा तास झाला, अंगठ्याचें सालपट निघालें, ठिणग्यांचा पाऊस पडला आणि कापूस होता तसा पांढरा राहिला. आत्याबाई शांतपणें म्हणाल्या, “ठिणगी पाडतोस खरी, पण तिला बसायला घर कुठें आहे?” अखेर शेजारच्या वाडींतून एक मुलगा कौलाच्या तुकड्यावर निखारे घेऊन आला, तेव्हां आमचा भात शिजला.

त्या एका वाक्यानें मला पुढें पुष्कळ वाचावयास व करून पाहावयास लाविलें. त्यांतील सार या महिन्यांत वाचकांपुढें ठेवतों.

चकमकींत जळतो तो दगड नव्हे, पोलाद होय. गारगोटीची धार पोलादाहून कठीण असते. ती पोलादाचे सूक्ष्म कण खरवडून काढते, आणि घर्षणानें तापलेले ते कण हवेंत पेट घेतात. असा कण क्षणभर जगतो. साधा कापूस त्याला धरूं शकत नाहीं. त्यासाठीं आधींच करपवलेली चिंधी लागते. जुन्या सुती धोतराचे तुकडे झांकणाच्या डब्यांत घालावे, झांकणास खिळ्यानें एक बारीक छिद्र पाडावें व डबा निखाऱ्यांवर ठेवावा. छिद्रांतून धूर यावयाचा थांबला, कीं डबा उतरून पुरता निवूं द्यावा. घाईनें उघडल्यास आंतील चिंध्या हवा लागून जळून जातात. अशा काळ्या चिंधीवर ठिणगी पडली, कीं तांबडा ठिपका हळूहळू पसरूं लागतो. तो काथ्याच्या घरट्यांत ठेवून मंद फुंकर घालावी, जाळ होतो.

आपल्या घराण्यांतून हीच गोष्ट दुसऱ्या रूपानें फार प्राचीन काळापासून चालत आलेली आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडळांतील एकोणतिसावें सूक्त अग्निमंथनाविषयीं आहे. अग्निहोत्र्यांच्या अरणी अश्वत्थाच्या लांकडाच्या असतात, आणि तो अश्वत्थ शमीवर वाढलेला असावा असा संकेत आहे. मंथ्याला दोरी गुंडाळून तो खालच्या अरणींत फिरविला, म्हणजे लांकडाचा भुगा होतो, तो काळा पडतो व अखेर त्यांत निखारा धरतो. येथें ठिणगीचें घर त्या लांकडांतूनच तयार होतें. मात्र लांकूड ओलें असेल, तर मंत्र कितीहि शुद्ध असोत, अग्नि प्रकट होत नाहीं. केरळांत पांजाळ येथें १९७५ सालच्या एप्रिलमध्यें नंपूतिरी ब्राह्मणांनीं अतिरात्र केलें. त्या वेळीं अग्नि अशाच मंथनानें उत्पन्न केला होता.

आतां बंदुकीकडे वळूं. ठासणीच्या बंदुकींत दारू, तिच्यावर बोळा व मग गोळी किंवा छर्रे, हें सर्व नळीच्या तोंडांतून घालून गजानें ठासावें लागतें. पण नळीच्या तळाशीं असलेल्या त्या दारूपर्यंत विस्तव पोंचवावयाचा कसा? बंदुकीचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोंवतीं फिरतो, आणि तो आपल्या चुलीचाच इतिहास आहे. प्रथम तोड्याची बंदूक आली. धुमसत राहणारी दोरी शिकाऱ्याला सारखी जिवंत ठेवावी लागे. म्हणजे शेजारून आणलेला निखारा जपण्यासारखेंच तें होतें. पुढें सतराव्या शतकांत चकमकीच्या बंदुकीनें जम बसविला. चाप ओढतांच घोड्यांत धरलेली गारगोटी पोलादी पट्टीवर आपटते, ठिणग्या खालच्या पाळींतील रंजकेवर पडतात, आणि तिचा जाळ कानांतून आंत शिरून बार उडतो. रंजक दमट असली, कान चोंदला किंवा गारगोटी बोथट झाली, तर सावज समोर उभें असतांहि बार फुसका जातो.

या बंदुकीचा आणखी एक दोष एका स्कॉटिश धर्मोपदेशकास जाणवला. ॲबर्डीन प्रांतांतील बेलहेल्वी येथील पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजक भडकलेली दिसतांच पक्षी सावध होत आणि गोळी रिकाम्या जागीं जाई. त्यांनीं आघातानेंच पेट घेणाऱ्या रसायनाचा उपयोग करून १८०७ सालीं पेटंट मिळविलें. त्यांतूनच पुढें टोपीची बंदूक निघाली. वीस वर्षांनीं, १८२७ सालीं, इंग्लंडांतील स्टॉक्टन गांवीं जॉन वॉकर या औषधविक्रेत्यानें घांसून पेटणाऱ्या काड्या विकावयास आरंभ केला. शिकाऱ्याच्या हातांतील चकमक गेली, तशी कालांतरानें गृहिणीच्या हातांतीलहि गेली.

तथापि ती सर्वत्र गेली नाहीं. अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत १९७४ सालीं हरणाच्या शिकारीचा एक स्वतंत्र हंगाम सुरू झाला. त्यांत केवळ चकमकीची ठासणीची बंदूक चालते, टोपीची देखील नव्हे. याच मुलुखांत अठराव्या शतकांत जर्मन वंशाच्या कारागिरांनीं लांब नळीच्या सुप्रसिद्ध बंदुका घडविल्या. नाताळानंतरच्या हिमांत हे शिकारी गोळीला वंगणाची चिंधी गुंडाळून ती ठासतात, आणि बंदुकीच्या चकमकीवर कातड्याचें आच्छादन घालून रंजक कोरडी राखतात. पुन्हां भरावयास अर्धा-पाऊण मिनिट तरी लागतें, आणि तोंवर हरीण थांबत नाहीं. म्हणून त्यांना जवळ जावें लागतें, वाऱ्याची दिशा पाहावी लागते, आणि नेम निश्चित नसेल तर चाप न ओढतां परतावें लागतें. ज्याच्यापाशीं एकच बार आहे, त्याला तो वायां घालवून चालत नाहीं.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ मधील त्याची दुरुस्ती यांनीं हौशी शिकारीचा मार्ग बंद केला, तें योग्यच झालें. आजोबांच्या बंदुकीची हळहळ मला नाहीं. मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्यांच्या बटव्यांत एक लहानशी पितळी डबी होती. मीं त्या संध्याकाळीं ती रिकामी समजून बाजूला टाकली. तिच्या तळाशीं काळें कांहीं लागलेलें होतें. ती चिंधीची डबी होती, हें मला महिन्याभरानें कळलें. साधन आमच्यापर्यंत पोंचलें होतें. त्यापूर्वीं करावयाची तयारी मात्र आम्हीं कोणीं विचारूनच घेतली नव्हती.

आत्याबाई गेल्या, त्याला आतां दोन वर्षें झालीं. आम्हीं दर वैशाखांत, पाऊस येण्याच्या आधीं, अंगणांत चिंध्या करपवतों. मुलांना हें शिकवावयाचें तर वडील माणसानें जवळ बसावें, भरलेली बादली हाताशीं असावी आणि वारा नसलेली वेळ पाहावी. गेल्या वर्षीं धाकट्या मुलीनें चकमक मागितली. पहिल्या दिवशीं तिचा हात दुखून आला, दुसऱ्या दिवशीं धूर निघाला, आणि तिसऱ्या दिवशीं काथ्यांतून बोटभर जाळ वर आला. तिनें त्यावर सगळ्यांसाठीं चहा केला. मग कोणीं न सांगतां डबीचें झांकण घट्ट लाविलें आणि ती फडताळांत सर्वांत वर, जेथें पागोळी पोंचत नाहीं अशा ठिकाणीं, नेऊन ठेवली.