तिरक्या रेषेवरचे धक्के

इटलीतल्या अपेनाइन पर्वतरांगेत पृथ्वीचं कवच ताणलं जातंय, वर्षाला जेमतेम २-३ मिलिमीटर. त्या ताणाने पडलेले प्रस्तरभंग बरेचदा गाळाखाली दडलेले. अंब्रियातला आल्तोतिबेरिना तर केवळ १५-२० अंश कललेला. पुस्तकी नियमांनुसार त्याने सरकायलाच नको! तेलशोधासाठी घेतलेल्या भूकंपीय छेदांत त्याची तिरकी रेघ दिसली. पुढे दाट बसवलेल्या भूकंपमापकांनी टिपलेले, माणसाला न जाणवणारे हजारो धक्के त्याच रेषेवर येऊन बसले. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपामागचा प्रस्तरभंगही असाच अज्ञात होता, पण तिथे कवच दाबलं जात होतं. आल्तोतिबेरिना मोठा हिसका देईल की नुसता सरपटत राहील, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही. मुखपृष्ठकथेत दोन्ही बाजू मांडल्या आहेत.