जल म्हणजे पाणी नव्हे

‘पाणी’ला समानार्थी शब्द विचारले की आपल्या शाळेतले मूल जल, नीर, उदक, तोय असे घडाघडा लिहिते आणि पूर्ण गुण मिळवते. पण घरोघरी भरली जाते ती पाणीपट्टी आणि नदीचे होते ते जलप्रदूषण. तहान लागली की कोणी जल मागत नाही, डोळ्यांत नीर आले असे रोजच्या बोलण्यात कोणी म्हणत नाही. पाणी जोखतात तेव्हा तर त्या पाण्याचा आणि तोयाचा काही संबंधच नसतो. म्हणजे पूर्ण गुण मिळवणारे मूल एक चुकीची गोष्ट शिकून बाहेर पडते: हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत चालतात. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांत असतो. तो शेजार तोडून, धड्याखालच्या यादीतून शब्दसंपत्ती वाढवण्याची आपली पद्धत मुळातच चुकीची आहे, असे माझे मत आहे.

अमेरिकेत इझाबेल बेक, मार्गारेट मॅकिओन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात चौथीच्या मुलांवर केलेले प्रयोग या बाबतीत फार बोलके आहेत. नवा शब्द चार वेळा भेटला तेव्हा मुलांना त्याचा अर्थ सांगता येऊ लागला, पण तो शब्द असलेला उतारा त्यांना अधिक चांगला समजला नाही. समजू लागला तो बारा भेटींनंतर. आपल्या वर्गात शब्द एकदा फळ्यावर आणि एकदा वहीत येतो, मग थेट प्रश्नपत्रिकेत. शब्दार्थ पाच वेळा लिहून काढणे म्हणजे पाच भेटी नव्हेत. तिथे फक्त हात चालतो. शब्द नव्या वाक्यात आला, तो इथे शोभतो का यावर मुले आपसांत वाद घालू लागली, आठवड्याने दुसऱ्याच विषयाच्या तासाला पुन्हा दिसला, की ती खरी भेट.

हे एकट्या भाषेच्या शिक्षकाचे काम नाही. गणितातला ‘विभाजक’ मुलांना परका वाटतो, कारण तो व्याख्येसकट एकटाच येतो. पण ‘भाग’ घरचाच आहे. त्याच्या शेजारी भागाकार, विभागणी, विभाज्य, अविभाज्य मांडले, वाटणी होऊन विभक्त झालेले भाऊ आठवले, की एका शब्दाच्या कष्टात सगळे कूळ हाती येते. घरी अहिराणी, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला तर आधी विचारायला हवे, ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ घरचा शब्द पुसून टाकला तर नव्याला टेकायला जागाच उरत नाही.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. एका धड्यात पंधरा नवे शब्द, प्रत्येकाच्या बारा भेटी कशा घडवायच्या? घडवू नयेत. पंधरांतले तीन-चार असे निवडावेत, की जे इतर विषयांत आणि वर्तमानपत्रातही भेटतील. बाकीच्यांचा अर्थ सांगून पुढे जावे. दोन शिक्षकांवर चालणाऱ्या शाळेत तर ही निवड अधिकच गरजेची. दुसरा आक्षेप असा, की वाचनातून शब्द आपोआप येतात. येतात, पण ज्या घरात पुस्तके आहेत तिथे. ज्या घरात नाहीत, तिथल्या मुलासाठी शाळा हीच एक जागा आहे. पाठांतराचे समर्थकही अगदीच चुकत नाहीत. आठवून सांगण्याने स्मरण पक्के होते. मात्र आठवायचे ते वाक्यासह.

उरतो परीक्षेचा मुद्दा, आणि तो सर्वांत खरा आहे. जे विचारले जाते तेच शिकवले जाते. मग प्रश्नच बदलू या: ‘समानार्थी शब्द लिहा’ऐवजी ‘या वाक्यात जल बसेल की पाणी, आणि का?’ पहिली ते आठवीच्या आकारिक मूल्यमापनातले प्रश्न शिक्षक स्वतःच तयार करतात. त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. शिक्षकांनी येत्या चाचणीपासूनच हा बदल करावा.