कॅमेऱ्याची नजर : ड्रॅगनच्या तोंडातले पाणी

बागेत गेलो की कारंज्यापाशी फोटो काढायचा, ही आपल्या घरोघरची रीत. कारंज्यावर मासा असो, बेडूक असो की सिंहाचे तोंड, मुले तिथेच जाऊन उभी राहतात. युरोपातल्या कित्येक बागांत हा मान ड्रॅगनला आहे. ड्रॅगन म्हणजे गोष्टींतला, आग ओकणारा कल्पित प्राणी. पण कारंज्यावर तो पाणी सोडतो. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजबागेत त्याच्या तोंडातून उडणारी धार २७ मीटर उंच जाते. ती राजाचा डौल दाखवण्यासाठी. आम्हांला मात्र आज बोलायचे आहे ते स्पेनमधल्या बार्सिलोना शहरातल्या ड्रॅगनबद्दल.

तिथल्या ग्वेल उद्यानात, दुहेरी जिन्याच्या मधोमध तो बसला आहे. लांबी सुमारे २.४ मीटर, म्हणजे आठेक फूट. काही लोक त्याला पालीच्या जातीचा प्राणी समजतात. त्याचे अंग रंगीत दिसते, पण तो रंग लावलेला नाही. ते फुटक्या टाइल्सचे तुकडे आहेत. टाकाऊ टाइल्स आणि फुटकी भांडी फोडून, तुकडा तुकडा जुळवून बसवण्याची ही पद्धत वास्तुशिल्पी आंतोनी गौदी यांनी तिथे वापरली. आराखडा गौदींचा, पण एकेक तुकडा बसला तो कारागिरांच्या हाताने. आपल्या वाचकांत गवंडी आहेत, फरशीकाम करणारे आहेत. वाकड्या अंगावर टाइल बसवणे किती जिकिरीचे, हे त्यांना आम्ही काय सांगावे?

आता पाण्याचे ऐका. ड्रॅगनच्या मागे, जिन्याच्या वर ८६ खांबांचे दालन आहे आणि दालनाच्या छतावर मोकळे मैदान. मैदानावर पडलेला पाऊस खडी-वाळूच्या थरांतून गाळला जातो, खांबांच्या आतल्या नळ्यांतून खाली उतरतो आणि जमिनीखालच्या टाकीत साठतो. टाकी १२०० घनमीटरची, म्हणजे १२ लाख लिटरची. साठवलेले पाणी बागेसाठी वापरावे आणि टाकी भरल्यावर उरलेले पाणी ड्रॅगनच्या तोंडावाटे निघावे, अशी मूळ योजना. म्हणजे दिसायला शोभेची मूर्ती, पण काम टाकीच्या सांडव्याचे! पाण्यासाठी हंडे घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या आयाबहिणींना या योजनेचे मोल चटकन कळेल.

असा ड्रॅगन टिपायचा कसा? बहुतेक लोक त्याच्या शेजारी उभे राहतात, फोटो काढतात आणि निघतात. आम्ही म्हणू, आधी दोन पायऱ्या खाली उतरा. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. मग मागचे खांबही चौकटीत येतील आणि पाणी कुठून आले ते फोटोच सांगेल. भर दुपारचे ऊन टाळा. गुळगुळीत टाइल्स चकाकतात आणि रंग पांढरे पडतात. सकाळची वेळ किंवा ढगाळ दिवस उत्तम. फ्लॅश नकोच. पाण्याचे थेंब सुटे दिसायला हवे असतील तर शटर १/५०० सेकंदावर ठेवा. धार रेशमासारखी हवी असेल तर १/१५ सेकंद, पण तेव्हा हात हलता कामा नये. कठड्याचा आधार घ्या. मोबाईलवर काढत असाल तर पडद्यावर ड्रॅगनला बोट लावा आणि उजेड थोडा कमी करा. शेवटी एक फोटो अगदी जवळून, फक्त तुकड्यांच्या जोडणीचा.

जवळ जा, पण त्याला हात लावू नका, वर चढू नका. फेब्रुवारी २००७ मध्ये काहींनी या ड्रॅगनची मोडतोड केली होती. त्याची दुरुस्ती करावी लागली. एका माणसाचा हात फार वाटत नाही, पण तिथे लाखो माणसे येतात.

आणखी एक गोष्ट. हे उद्यान मुळात सर्वांसाठी नव्हतेच. गिरणीमालक एउसेबी ग्वेल यांना तिथे श्रीमंतांची वसाहत उभारायची होती. १९०० मध्ये काम सुरू झाले. साठ भूखंडांचा बेत, पण गिऱ्हाईक मिळेना; १९१४ मध्ये काम थांबले. पुढे शहराने जागा विकत घेतली आणि १९२६ मध्ये ती सार्वजनिक बाग झाली. १९८४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवले. गर्दी आवरेना म्हणून २०१३ पासून मुख्य भागाला तिकीट लागले. बंगलेवाल्यांच्या फाटकात बसवलेला ड्रॅगन आज कुणाही पोराबाळाबरोबर फोटोत येतो, हे आम्हांला सर्वांत मोठे वाटते.

वाचकहो, बार्सिलोना दूर आहे. पण आपल्या गावच्या बागेतही कारंजे असेल. पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन जा. फोटो काढण्याआधी त्यांना विचारा, हे पाणी येते कुठून, जाते कुठे आणि हे बांधले कोणी? उत्तर शोधून मगच बटण दाबा. फोटो छापून घेतलात तर मागे तारीख आणि ते उत्तर, दोन्ही लिहून ठेवा.